लिनक्स संगणकावर घरगुती मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग: कमी खर्चात कोणते साहित्य घ्यावे?

रिकामी तार (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही चौघे मिळून गातो-वाजवतो. एक जण गातो, एक अकूस्टिक गिटार वाजवतो, एकाकडे बेस गिटार आहे आणि चौथ्याकडे हाताने वाजवायची तालवाद्ये आहेत. आतापर्यंत मध्यभागी मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग करत आलो. त्यात सगळे आवाज एकमेकांत मिसळून येतात आणि नंतर गाणाऱ्याचा आवाज जरा पुढे आणायचा म्हटले, तर हाती काहीच नसते. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर यावा, पण वाजवताना मात्र चौघांनी समोरासमोर बसून एकाच वेळी वाजवावे, अशी आमची इच्छा आहे. एकेकाने नंतर भर घालत तयार केलेल्या गाण्यात ती जान येत नाही, असे आम्हा सर्वांचे मत आहे.

माझ्याकडे चार कोअरचा, आठ गिगाबाइट मेमरीचा जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर उबुंटू आहे. मला विंडोजकडे परत जायचे नाही. बाजारातील बहुतेक ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणांच्या, खोक्यावर विंडोज आणि मॅक एवढीच नावे असतात, लिनक्सचा उल्लेखही नसतो, त्यामुळे पैसे घालून वस्तू घरी आणावी आणि ती चालूच नये, अशी भीती वाटते. माझे प्रश्न असे आहेत: खोक्यावर लिनक्स लिहिलेले नसताना वस्तू चालेल की नाही हे कसे ओळखावे? यूएसबी असलेला छोटा मिक्सर घेतला तर काम भागेल का? आणि माझ्याकडे व मित्राकडे दोन-दोन माइकचा एकेक इंटरफेस आधीच आहे, ते दोन्ही एकाच संगणकाला जोडून चार ट्रॅक मिळवता येतील का?

खर्ज

आधी एकच आकडा पक्का करा: एकाच वेळी किती माइक आणि किती तारा आत यायच्या आहेत? गाण्यात एकूण ट्रॅक किती असतील याचा खरेदीशी फारसा संबंध नाही. एकटा माणूस दोन इनपुटच्या इंटरफेसवर एकामागून एक चाळीस ट्रॅक चढवू शकतो. तुम्हाला मात्र सगळे एकदम हवे आहे, म्हणून तुमचा पैसा एकाच वेळी चालणाऱ्या इनपुटांवर जाणार आहे. गायक एक, गिटार एक, बेस थेट तारेने एक आणि तालवाद्य एक, असे चार धरले तरी तालवाद्याला दोन माइक लावावेसे वाटले की पाच होतात. हा विचार आज केला नाही, तर थोड्याच काळात पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते.

दुसरे म्हणजे, मॉडेलच्या नावातील आकड्यावर विसंबू नका. फोकसराइटच्या स्कारलेट मालिकेत पहिला आकडा एकूण इनपुटांचा आणि दुसरा आउटपुटांचा असतो, पण एकूण इनपुट म्हणजे तितके माइक असा अर्थ होत नाही. ४आय४ मध्ये चार इनपुट आहेत खरे, मात्र माइकचे प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारे भाग, दोनच आहेत आणि उरलेली दोन लाइन इनपुट आहेत. तिसऱ्या पिढीच्या १८आय८ मध्ये अठरापैकी माइक प्रीॲम्प फक्त चार आहेत. बाकीच्यांत चार लाइन इनपुट, दोन एसपीडिफ या डिजिटल जोडणीची आणि आठ एडॅट या ऑप्टिकल जोडणीची. बेहरिंगरच्या यूएमसी१८२० मध्ये आठ माइक प्रीॲम्प आहेत आणि अठरा हा आकडा तिथेही एसपीडिफ व एडॅट मिळूनच पुरा होतो. याउलट बेहरिंगरच्याच यूएमसी४०४एचडीमधील चारही इनपुटांना माइक प्रीॲम्प आहे. म्हणून खोक्याच्या पुढच्या बाजूवरील मोठ्या आकड्याऐवजी इंटरफेसवर एक्सएलआरची, म्हणजे माइकची तार बसणारी, किती भोके आहेत ती मोजावीत.

आता लिनक्सचा प्रश्न. तुम्हाला शोधायचे आहेत ते शब्द 'क्लास कम्प्लायंट' असे आहेत. यूएसबीवरून ध्वनी कसा पाठवावा याची एक सार्वजनिक मानक पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९९८ मधली आणि दुसरी २००६ मधली. जो इंटरफेस ही पद्धत पाळतो त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कारण लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, या दोन्ही आवृत्त्यांचा ड्रायव्हर मुळातच आहे. विंडोजमध्ये दुसऱ्या आवृत्तीचा अंगभूत ड्रायव्हर २०१७ साली आला आणि तोवर प्रत्येक उत्पादकाला विंडोजसाठी स्वतःचा ड्रायव्हर द्यावा लागत होता, म्हणून खोक्यावर विंडोजचा एवढा गाजावाजा दिसतो. लिनक्सचे नाव नसणे हे न चालण्याचे लक्षण मुळीच नाही. सोपी खूण अशी, की उत्पादकाच्या माहितीत 'आयपॅडवर ड्रायव्हरशिवाय चालतो' असे लिहिले असेल, तर तो इंटरफेस बहुधा लिनक्सवरही चालतो, कारण आयपॅडही त्याच मानकावर अवलंबून असतो.

यानंतरही एक खाच राहते. आवाज आत-बाहेर जाणे ही एक गोष्ट आणि इंटरफेसच्या आतला मिक्सर चालवणे ही दुसरी. काही इंटरफेसवर कोणते इनपुट कोणत्या हेडफोनमध्ये जावे हे सारे उत्पादकाच्या विंडोज किंवा मॅकवरील प्रोग्रॅममधूनच ठरवता येते. असा इंटरफेस लिनक्सवर रेकॉर्डिंग करतो, पण त्याची अर्धी बटणे जणू कुलपात राहतात. स्कारलेट मालिकेच्या बाबतीत जेफ्री बेनेट यांनी मोठे काम केले आहे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या मिक्सरचा आधार त्यांच्यामुळे कर्नेलमध्ये आला, आणि 'अल्सा-स्कारलेट-जीयूआय' हा त्यांचा प्रोग्रॅम मूळ कंपनीच्या प्रोग्रॅमची गरज बऱ्याच अंशी भागवतो. टॅस्कॅमच्या यूएस-१६एक्स०८ या आठ माइक प्रीॲम्पच्या इंटरफेसच्या मिक्सरसाठीही कर्नेलमध्ये स्वतंत्र आधार आहे. ज्यांना ही कटकटच नको त्यांनी सगळी बटणे अंगावरच असलेला इंटरफेस घ्यावा. यूएमसी४०४एचडीसारख्या इंटरफेसला उत्पादकाचा प्रोग्रॅम लागतच नाही.

मिक्सरबद्दल थेट सांगतो: यूएसबी असलेल्या बहुतेक छोट्या मिक्सरांमधून संगणकाला फक्त दोन ट्रॅक मिळतात. दहा-बारा इनपुट दिसतात, पण ते सारे आतच मिसळून डावे आणि उजवे असे दोनच प्रवाह तारेत उतरतात. यामाहाच्या एमजी१०एक्सयूची यूएसबी अशीच दोन आत, दोन बाहेर अशी आहे. प्रत्यक्ष कार्यक्रमाला तो उत्तम मिक्सर असेल, पण तुमची अडचण मात्र मोबाइलवर होती तीच राहील. एकाच मालिकेतही फरक असतात. बेहरिंगरच्या एक्स एअर मालिकेतील एक्सआर१८ यूएसबीवरून अठरा ट्रॅक आत आणि अठरा बाहेर देतो, पण त्याच्याच लहान भावंडांत, म्हणजे एक्सआर१२ आणि एक्सआर१६ मध्ये, ही सोय नाही. म्हणून मिक्सर घ्यायचाच असेल, तर माहितीपत्रकात यूएसबीपुढे किती चॅनेल लिहिले आहेत ते वाचल्याशिवाय पैसे काढू नयेत.

तालमापक

दोन इंटरफेस एकत्र जोडण्याच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण ही युक्ती सगळ्यांनाच सुचते आणि पहिल्या दोन मिनिटांत ती यशस्वी झाल्यासारखी वाटते.

प्रत्येक इंटरफेसमध्ये स्वतःचे एक घड्याळ असते. सेकंदाला ४८,००० नमुने घ्यायचे, तर ते नेमके कधी घ्यायचे हे ते घड्याळ ठरवते. दोन स्वतंत्र घड्याळे कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांत पन्नास भाग इतकाच फरक आहे असे समजा. तीन मिनिटांच्या गाण्यात म्हणजे १८० सेकंदांत हा फरक नऊ मिलिसेकंदांचा होतो, आणि वीस मिनिटांच्या सलग वादनात तो साठ मिलिसेकंदांवर जातो. साठ मिलिसेकंदांनी मागे पडलेले तालवाद्य कोणाच्याही कानाला खटकते. त्याहून वाईट म्हणजे हा फरक हळूहळू वाढतो, त्यामुळे एक ट्रॅक उचलून थोडा मागेपुढे सरकवला तरी तो सुरुवातीला जुळतो आणि शेवटाला पुन्हा सुटतो.

यावर उपाय दोन आहेत. पहिला हार्डवेअरचा: दोन्ही इंटरफेसवर एसपीडिफ, एडॅट किंवा वर्ड क्लॉकची जोडणी असेल, तर एकाला प्रमुख करून दुसऱ्याला त्याच्या घड्याळावर चालवता येते. हा बिनचूक उपाय आहे, पण दोन माइकच्या स्वस्त इंटरफेसवर ही जोडणी सहसा नसते. दुसरा सॉफ्टवेअरचा: दुसऱ्या इंटरफेसचा आवाज सतत पुन्हा मोजून पहिल्याच्या वेगाला जुळवून घ्यायचा. जॅक, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅमांमधील आवाज एकमेकांना जोडणारी प्रणाली, वापरणाऱ्यांसाठी फोन्स ॲड्रिआनसेन यांचे 'झीटा-एजेब्रिज' हे साधन नेमके हेच काम करते. पाइपवायर ही त्याच कामाची नवी प्रणाली वापरत असाल, तर वेगवेगळ्या घड्याळांची उपकरणे एकत्र आल्यावर तो हे काम स्वतःहून करतो. गुणवत्ता चांगली मिळते, मात्र प्रोसेसरवर थोडा भार पडतो, विलंब वाढतो आणि काही बिघडले तर कारण शोधणे अवघड होते.

तेव्हा दोन्ही इंटरफेस हाताशी असतील, तर ही पद्धत करून पाहायला हरकत नाही, पण केवळ या बेतासाठी दुसरा विकत घेण्यात अर्थ नाही. चार माइकचा एकच इंटरफेस घ्यावा, सगळे आवाज एकाच घड्याळावर येतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: रेकॉर्डिंग इंटरफेसवरून आणि ऐकणे मात्र संगणकाच्या अंगच्या साउंड कार्डावरून, अशी रचना केली तरी घड्याळे दोनच होतात. हेडफोनही इंटरफेसलाच जोडावा.

रिकामी तार

दोघांचेही मनापासून आभार. मिक्सरच्या बाबतीत मी अगदी खरेदीच्या उंबरठ्यावर होतो. दोन इंटरफेसचा बेतही सोडून देतो.

आता निर्णय चार की आठ इनपुट यावर आला आहे. तालवाद्य वाजवणाऱ्या मित्राचे म्हणणे आहे की त्याला एक माइक पुरणार नाही. शिवाय लेटन्सीबद्दल, म्हणजे आवाजाला होणाऱ्या विलंबाबद्दल, बरेच वाचले आणि जितके वाचले तितका गोंधळ वाढला. लिनक्सवर जॅक लागतो, वेगळा कर्नेल लागतो, असे कोणी सांगते, तर त्यातले काहीही लागत नाही असेही कोणी सांगते. जुना संगणक आठ ट्रॅक झेपवेल का, हीही शंका आहे.

बिनतारी

गोंधळ होण्याचे कारण असे आहे, की वेगवेगळ्या काळातले सल्ले शेजारी-शेजारी वाचायला मिळतात आणि ते त्या-त्या काळी खरेच होते.

आधी संगणकाची ताकद पाहू. ४८ किलोहर्ट्झवर ३२ बिट फ्लोट स्वरूपातील एका ट्रॅकला सेकंदाला १,९२,००० बाइट लागतात. आठ ट्रॅकचे मिळून सेकंदाला दीड मेगाबाइट होतात आणि एका तासाला सुमारे साडेपाच गिगाबाइट. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. चार कोअर आणि आठ गिगाबाइट मेमरी रेकॉर्डिंगला भरपूर झाली. भार पडतो तो नंतर, मिक्सिंगच्या वेळी प्रत्येक ट्रॅकवर प्लगइन, म्हणजे आवाजावर संस्कार करणारे छोटे प्रोग्रॅम, चढवल्यावर, आणि तेव्हा विलंब वाढवून ठेवायला काहीच हरकत नसते.

आता विलंब. संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, तो ठरावीक मापाच्या बफरमध्ये घेतो. २५६ नमुन्यांचे तीन बफर आणि ४८,००० चा सॅम्पल रेट असेल, तर हिशेब २५६ गुणिले ३ भागिले ४८,००० म्हणजे १६ मिलिसेकंदांचा होतो. ६४ नमुन्यांचे दोन बफर ठेवले तर तोच पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत येतो. प्रत्यक्षात यूएसबी आणि रूपांतरणाचा थोडा वेळ यात आणखी मिळवावा लागतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १६ मिलिसेकंद म्हणजे साडेपाच मीटरवर बसलेल्या माणसाचे ऐकणे. ज्याला गाताना स्वतःचा आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये ऐकायचा आहे, त्याला हे जाचते.

पण तुम्हाला तसे ऐकायचे कारणच नाही. तुम्ही चौघे समोरासमोर बसून अकूस्टिक वाद्ये वाजवणार आहात. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' नावाचे बटण किंवा खुंटी असते. तिच्यामुळे माइकचा आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनमध्ये येतो आणि जाणवण्याजोगा विलंब होत नाही. मग संगणकातला बफर १,०२४ वर ठेवला तरी बिघडत नाही, आणि बफर मोठा असला की आवाज तुटण्याचा धोकाही जवळपास संपतो. कमी विलंबाची खरी गरज गिटारला संगणकातला ॲम्प लावून ऐकणाऱ्याला किंवा कीबोर्डने संगणकातले सूर वाजवणाऱ्याला असते. तुम्ही त्या शर्यतीत उतरूच नका.

कर्नेलबद्दलही तसेच. पूर्वी रिअल-टाइम कर्नेल वेगळा बसवावा लागे. ते काम नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये सामावले गेले. पण तुमच्या वापराला उबुंटूचा नेहमीचा कर्नेल पुरेल. करण्यासारख्या गोष्टी एवढ्याच: आपल्या वापरकर्त्याला 'ऑडिओ' गटात घालून त्या गटाला रिअल-टाइम प्राधान्य मिळाले आहे याची खात्री करणे, प्रोसेसरची गती वीज वाचवण्याच्या धोरणावर असेल तर ती रेकॉर्डिंगपुरती पूर्ण वेगावर नेणे, आणि इंटरफेस हबमध्ये न जोडता संगणकाच्या मागच्या स्वतंत्र यूएसबी पोर्टमध्ये जोडणे. तरीही अधूनमधून एक्सरन, म्हणजे बफर वेळेत न भरल्याने आवाज तुटण्याचे प्रसंग, दिसले, तर वायफाय बंद करून पाहावे. अनेक संगणकांवर दोष तिथेच सापडतो.

जॅकचे म्हणाल, तर पॉल डेव्हिस यांनी तो सुरू केला आणि आर्डर हा मल्टिट्रॅक रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅमही त्यांचाच, त्यामुळे बरीच वर्षे ही दोन नावे बरोबरच घेतली जात. २०१५ मधील आर्डर ४.० पासून मात्र जॅकशिवाय थेट अल्सावर, म्हणजे कर्नेलमधल्या ध्वनीव्यवस्थेवर, काम करता येते. आर्डर सुरू होताना जी खिडकी येते तिच्यात अल्सा निवडायचा, खाली इंटरफेसचे नाव, सॅम्पल रेट आणि बफर निवडायचा आणि काम सुरू करायचे. त्या काळात त्या इंटरफेसवरून ब्राउझरचा आवाज येणार नाही, एवढाच फरक. ज्यांना एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात न्यायचा आहे, त्यांनी पाइपवायर ठेवावा. उबुंटूवर २२.१० पासून तोच मुळात असतो आणि जॅकसाठी लिहिलेले प्रोग्रॅमही त्यावर चालतात.

पाइपवायरवर काम करणार असाल, तर एक पायरी आवर्जून लक्षात ठेवा. चार इनपुटचा इंटरफेस जोडल्यावर तो कित्येकदा 'सराउंड ४.०' असे काहीतरी भलतेच नाव घेऊन येतो किंवा दोनच इनपुट दाखवतो. माणूस घाबरतो आणि इंटरफेस खराब आहे असे समजून परत करायला निघतो. 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' या प्रोग्रॅमच्या शेवटच्या टॅबमध्ये त्या इंटरफेसपुढील यादीतून 'प्रो ऑडिओ' निवडा. सगळी इनपुटे अनुक्रमाने, एकेक स्वतंत्र अशी समोर येतात.

जुना बाजा

कमी खर्चाचा विषय आहे म्हणून वापरलेल्या साहित्याबद्दल सांगणे मला गरजेचे वाटते, कारण आठ इनपुट सर्वांत स्वस्त तिथेच मिळतात.

फायरवायर या यूएसबीहून वेगळ्या, जुन्या जोडणीचे आठ माइकचे इंटरफेस लोक आज जवळपास मातीमोल भावाने काढून टाकतात, कारण नव्या विंडोज आणि मॅकवर त्यांचे ड्रायव्हर येत नाहीत. लिनक्सवर परिस्थिती उलट आहे. फोकसराइटच्या सफायर प्रो ४० सारख्या, डाइस चिप असलेल्या इंटरफेसांचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे. फायरवायरच्या भागाची जबाबदारी सांभाळणारे ताकाशी साकामोतो यांनी २०२९ पर्यंत देखभाल करण्याचा आपला इरादा जाहीर केला आहे. डेस्कटॉप असल्यामुळे फायरवायरचे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड घालता येते, फक्त ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचे असावे, इतर काही चिपांवर ध्वनीच्या कामात अडचणी येतात.

त्याहून जुनी पीसीआय कार्डे, उदाहरणार्थ एम-ऑडिओची डेल्टा १०१०एलटी, लिनक्सवर अतिशय भरवशाची आहेत आणि 'एनव्ही२४कंट्रोल' या साधनातून त्यांचा मिक्सर पूर्ण हाताळता येतो. मात्र तिच्या आठ ॲनलॉग इनपुटांपैकी माइकची दोनच आहेत आणि जुन्या पद्धतीचा पीसीआय स्लॉट नव्या मदरबोर्डवर मिळणार नाही, त्यामुळे आज ती कोणाला सुचवावी असे मला वाटत नाही.

तिसरा मार्ग संगणक बाजूला ठेवण्याचा. झूमचा आर१६ हा रेकॉर्डर एकाच वेळी आठ ट्रॅक एसडी कार्डावर लिहितो. कार्ड काढून संगणकात घालायचे आणि आठ वेव्ह फाइली आर्डरमध्ये ओढायच्या. ड्रायव्हर, बफर, एक्सरन यांतले काही आडवे येत नाही आणि संगणकाच्या पंख्याचा आवाजही खोलीत नसतो. त्याच्या मर्यादाही सांगतो: कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट त्याच्या फक्त दोन इनपुटांना मिळतात, आणि स्वतंत्रपणे वापरताना सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झच असतो. डायनॅमिक माइकला हे व्होल्ट लागत नाहीत, त्यामुळे ते वापरणाऱ्यांना ही पहिली मर्यादा नडत नाही.

खर्ज

जुना बाजा यांचे फायरवायरबद्दलचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, तरीही नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. वापरलेला इंटरफेस, वेगळे कार्ड, जुनी तार, आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला सुटे भाग नाहीत. लिनक्सची चांगली ओळख असलेल्याला तो सौदा लाभाचा आहे. धागाकर्त्यांचे लक्ष मात्र गाण्याकडे राहावे, तारांकडे जाऊ नये. एसडी कार्डावरील रेकॉर्डरची सूचना मात्र मला मनापासून पटते.

चार की आठ, यावर माझे उत्तर असे: आज चार घ्यायचे असतील, तर मागे एडॅटचे इनपुट असलेला इंटरफेस पाहा. एडॅटची एक ऑप्टिकल तार ४८ किलोहर्ट्झवर आठ चॅनेल वाहून नेते. ही पद्धत अलेसिसने १९९१ साली जाहीर केलेल्या टेप रेकॉर्डरबरोबर आली. टेप इतिहासजमा झाली, तार मात्र टिकली. पुढे गरज पडली, तर बेहरिंगरच्या एडीए८२०० सारखा आठ माइकचा प्रीॲम्प त्या तारेने जोडता येतो आणि घड्याळही त्याच तारेतून जात असल्यामुळे तालमापक यांनी सांगितलेला दोन घड्याळांचा प्रश्न उरत नाही. लिनक्सला तर याचा पत्ताही लागत नाही, कारण त्याला दिसतो तो एकच इंटरफेस. ९६ किलोहर्ट्झवर याच तारेतून चारच चॅनेल येतात, पण घरगुती कामाला ४८ वर राहणेच शहाणपणाचे.

आणि एक आग्रहाची विनंती. सगळे पैसे इंटरफेसवर घालू नका. आजच्या स्वस्त इंटरफेसचे प्रीॲम्पही पुरेसे स्वच्छ असतात. कानाला जो फरक कळतो तो माइक, त्याची जागा आणि खोली यांचा. चौघे एका खोलीत बसले की प्रत्येक माइकमध्ये चौघांचाही आवाज थोडा-थोडा शिरणार. तो आटोक्यात ठेवण्यासाठी कंडेन्सरऐवजी डायनॅमिक माइक जवळ लावावेत. माइक वाद्यापासून जितक्या अंतरावर असेल, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवावे. बेसला माइक न लावता तारेने थेट इंटरफेसच्या 'इन्स्ट्रुमेंट' इनपुटमध्ये आणावे, म्हणजे एक आवाज तरी पूर्णपणे स्वच्छ आणि वेगळा मिळतो. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासून बनत असलेला माइक गिटारला आणि तालवाद्याला दोन्हीकडे चालतो, पण तत्सम स्वस्त डायनॅमिक माइकनेही सुरुवात करता येते. माइक इंटरफेसच्या आधी जुना होत नाही, म्हणून तिथे घातलेला पैसा जास्त टिकतो.

रिकामी तार

आम्ही चौघांनी बसून ठरवले आहे. चार माइक प्रीॲम्पचा, सगळी बटणे अंगावर असलेला क्लास कम्प्लायंट इंटरफेस घेऊ. बेस थेट तारेने, गायकाला एक, गिटारला एक आणि तालवाद्याला तूर्त एकच माइक. दुसऱ्या माइकचे आमच्या मित्राला समजावले आहे. आता शेवटचे दोन प्रश्न. इंटरफेसवर हेडफोनची जागा एकच आहे आणि आम्ही चौघे आहोत. आणि ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा साधा प्रोग्रॅम मला येतो, तोच वापरला तर चालेल, की आर्डर शिकावेच लागेल?

तालमापक

हेडफोनच्या जागेतून एक तार काढून चार जागांचा हेडफोन ॲम्प्लिफायर जोडावा. प्रत्येकाला आवाजाची खुंटी स्वतंत्र मिळते, ऐकण्याचे मिश्रण मात्र सर्वांना एकच राहते. तुम्ही एकाच खोलीत बसणार असल्याने हेडफोन फक्त गायकाला आणि बेसवाल्याला दिले तरी भागेल. ॲम्पशिवाय बेस खोलीत जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून त्याला तो हवाच. हेडफोन बंद पाठीचे घ्यावेत, नाहीतर त्यांतला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो.

ऑडॅसिटीत चार इनपुट चार ट्रॅकवर घेता येतात, पण ते चारही एकाच दमात, एकाच सांच्यात येतात. कोणते इनपुट कोणत्या ट्रॅकवर जावे, त्यातला कोणता ट्रॅक या वेळी पुन्हा रेकॉर्ड करायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हे सारे आर्डरमध्ये मूळ रचनेचाच भाग आहे. तुमच्या कामाला आर्डर शिकणे योग्य. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. बहुतेक वितरणांच्या भांडारात ते मिळते आणि मूळ संकेतस्थळावरून तयार आवृत्ती घ्यायची असेल, तर आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम देता येते. त्याचा पसारा मोठा वाटला, तर रुई नुनो कापेला यांचा क्यूट्रॅक्टर हा त्याहून आटोपशीर प्रोग्रॅम आहे. रीपर मुक्त नाही, पण लिनक्सवर थेट चालतो आणि साठ दिवस वापरून पाहता येतो.

बिनतारी

इंटरफेस घरी आला की चौघांना बोलावण्याआधी एकट्याने दोन चाचण्या करून घ्या, म्हणजे परत करण्याची मुदत असेतो दोष असेल तर कळेल.

पहिली, चारही इनपुट चालू ठेवून तासभर सलग रेकॉर्डिंग करा. माइक जोडलेले नसले तरी चालेल. आर्डरच्या वरच्या पट्टीत एक्सरनचा आकडा दिसतो. तो शून्यावर राहिला, तर संगणक आणि इंटरफेस यांचे जमले असे समजा. आकडा वाढला, तर बफर दुप्पट करा आणि पुन्हा पाहा.

दुसरी, इंटरफेसच्या एका आउटपुटमधून त्याच्याच एका इनपुटमध्ये छोटी तार जोडा आणि आर्डरच्या ऑडिओ सेटअपच्या खिडकीत विलंब मोजण्याची जी सोय आहे ती चालवा. मोजायला सुरुवात करण्याआधी डायरेक्ट मॉनिटर बंद करा आणि इनपुटची पातळी खाली आणा, नाहीतर आवाज गोल फिरून किंचाळी येते. जो आकडा मिळेल तो आर्डर लक्षात ठेवतो आणि नंतर कोणी जुन्या ट्रॅकवर नवा ट्रॅक वाजवला, तर तो तितका मागे सरकवून बरोबर जागेवर बसवतो. बफर बदलला की हा आकडाही बदलतो, तेव्हा मोजणी पुन्हा करावी लागते.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला बसाल तेव्हा सर्वांना सगळ्यात जोरकस जागा वाजवायला सांगा आणि इनपुटची पातळी अशी ठेवा, की काटा उणे दहा डेसिबलच्या वर क्वचितच जाईल. २४ बिटमध्ये आवाज हळू आला तरी नंतर वाढवता येतो, शून्याला आपटून फाटलेला मात्र दुरुस्त होत नाही. आणि गाणे रंगात आले की सगळेच आधीपेक्षा जोरात वाजवतात, त्याची जागा आधीच सोडून ठेवा.